घरचं वायफाय आणि बॅकअपचं नॅस: पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी एकेक पायरी

दोन वर्षांपूर्वी आमची पोर्टेबल हार्ड डिस्क गेली. ती पडली नव्हती, तिच्यावर पाणी सांडलं नव्हतं. एका सकाळी लॅपटॉपला लावली तर आतून टक... टक... असा आवाज येत राहिला आणि ड्राइव्ह काही दिसेना. तिच्यात मुलीच्या जन्मापासूनचे फोटो होते. बरेचसे नातेवाइकांच्या फोनमधून आणि जुन्या मेमरी कार्डांवरून गोळा केले. अकरा महिन्यांचे मात्र कुठेच सापडले नाहीत.

त्यानंतर घरी नॅस घेतलं. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला कायम जोडलेली, डिस्क बसवायची पेटी. घरातल्या सगळ्या फोनचा आणि लॅपटॉपचा बॅकअप तिच्यात आपोआप जातो. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आमचं वायफाय त्या कामाला पुरं पडत नाही. म्हणून नवा महागडा राउटर आणला, तरी वेग होता तेवढाच. खरा दोष एका केबलच्या टोकात होता. तो सापडायला मला दीड महिना लागला, तुम्हाला एक संध्याकाळ लागावी एवढ्यासाठी हे सगळं लिहून ठेवतो आहे. आमचं घर डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, भिंती विटांच्या, खांब-तुळया आरसीसीच्या. तुमचं घर साधारण असंच असेल तर पायऱ्या जशाच्या तशा चालतील.

हाताशी काय ठेवावं

- लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल खोचायची जागा) असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर
- दोन-तीन मीटरची, कंपनीतून टोकं बसवून आलेली एक चांगली लॅन केबल
- फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत अॅप
- राउटरचा अॅडमिन पासवर्ड (तो नसेल तर इंटरनेट देणाऱ्याकडून आधीच मागून घ्या)
- कागद-पेन, आणि पुढे खरेदी होईल त्या वस्तूंची जीएसटी बिलं ठेवायला एक फाइल

१. आधी मोजा, मग दुकानात जा

सुरुवातीला एकच हिशोब पक्का करा. इंटरनेटचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल कॉपी होताना वेग मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) लायनीवर डाउनलोड सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर जाणारच नाही. ‘शंभरचा प्लॅन घेतला आणि बाराच दिसतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

आता तीन ठिकाणी मोजा. पहिलं, लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून. दुसरं, राउटरपासून दोन मीटरवर वायफायवर. तिसरं, ज्या खोलीत त्रास आहे तिथे वायफायवर. प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि एक फेरी रात्री नऊच्या सुमारास, कारण तेव्हा सगळी बिल्डिंग वायफायवर असते.

केबलवरच वेग कमी असेल तर दोष लायनीत किंवा राउटरच्या पोर्टमध्ये आहे. जवळ चांगला आणि खोलीत वाईट असेल तर भिंती आणि जागा. जवळसुद्धा वाईट असेल तर चॅनेल (तो काय ते तिसऱ्या पायरीत) किंवा जुना राउटर. आमच्याकडे प्लॅन २०० चा होता. केबलवर ९४ आणि आतल्या बेडरूममध्ये ११ मिळत होते. तो ९४ आकडा नीट लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत तो परत येणार आहे.

२. राउटरची जागा बदला

फायबर जोडायला येणारा माणूस पेटी तिथेच बसवतो जिथे त्याची वायर संपते: मुख्य दाराच्या वर, चपलांच्या कपाटाशेजारी किंवा टीव्हीच्या मागे. आमची पेटी लोखंडी कपाटाच्या मागे होती. लोखंड वायफायच्या लहरी अडवतं, मोठा आरसा त्या परत फेकतो, पाण्याची टाकी आणि माशांची काचपेटी त्या शोषून घेतात. राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. शोभेसाठी तो कपाटात बंद करू नका. त्यामुळे सिग्नल जातोच, शिवाय मे महिन्यात तो तापून स्वतःहून बंद-चालू होतो.

जागा ठरवण्याआधी फोनवरच्या अॅपमध्ये सिग्नलचा आकडा पाहा. तो उणेमध्ये असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या आसपास जोडणी टिकेल पण काम होणार नाही. राउटर हातात धरून दोन-तीन जागी ठेवून पाहायला वीस मिनिटं लागतात. आम्ही तो कपाटामागून काढून पॅसेजच्या भिंतीवर लावला आणि बेडरूममधला आकडा उणे ७८ वरून उणे ६३ वर आला. खर्च फक्त एका लांब पॅच कॉर्डचा, म्हणजे जोडकेबलचा झाला. फायबरची ती बारीक वायर स्वतः ओढू-वाकवू नका, आत काच असते. ती हलवायला तंत्रज्ञालाच बोलवा.

३. दोन बँड वेगळे ओळखा

बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात. प्रत्येक पट्ट्यात चॅनेल नावाच्या मार्गिका असतात. २.४ भिंतींतून लांब जातो, पण संथ असतो आणि गर्दीत अडकतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात असतात. ५ चा वेग जास्त, पण दोन भिंती ओलांडताना दमतो.

सेटिंगमध्ये जाऊन २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ करा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी अॅपमध्ये सर्वांत मोकळा दिसेल तो निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ‘तिसरा चॅनेल रिकामा दिसतोय’ म्हणून ३ घेतला तर १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. ५ वर रुंदी ८० ठेवा, चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधले. मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि चालू मीटिंग मध्येच तुटते.

स्मार्ट प्लग, डोअरबेल अशी बरीचशी उपकरणं फक्त २.४ ओळखतात. मी दोन्ही बँडना वेगळी नावं दिली. लॅपटॉप आणि फोन ५ वर, बाकीची चिल्लर उपकरणं २.४ वर. याच बैठकीत राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय) बंद करा आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का ते पाहून घ्या.

४. वायर: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

जी वस्तू जागची हलत नाही ती वायरवर असावी. टीव्ही, डेस्कटॉप, आणि नॅस तर नक्कीच. वायफायवरची हवा सगळ्यांमध्ये वाटली जाते. एक फाइल लॅपटॉपवरून राउटरला आणि राउटरवरून नॅसला अशी दोन्ही वेळा हवेतून गेली तर वेग निम्म्यावर येतो.

आता त्या ९४ बद्दल. राउटरचे पोर्ट दोन जातींचे असतात. एक शंभरचे, दुसरे हजारचे म्हणजे गिगाबिट. शंभरच्या पोर्टवर प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. म्हणून केबलवर मोजलेला वेग बरोबर ९४ वर अडकत असेल, तर लाइन किंवा कंपनीला दोष देण्याआधी पोर्ट आणि केबल तपासा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या काही पेट्यांमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे शंभरचे. माझा नवा राउटर पूर्ण गिगाबिट होता, तरी आकडा हलेना.

शेवटी पॅसेजमधल्या केबलचं टोक काढून ट्यूबलाइटखाली धरलं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. पारदर्शक कनेक्टरमधून त्या ओळीने दिसतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सात तारा पार टोकापर्यंत पोचून पितळी पात्याखाली दबलेल्या होत्या. आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर आधीच थांबली होती. शंभरच्या वेगाला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते, हजारला आठही तारा लागतात. एक तार निसटली की दोन्ही उपकरणं आपसांत ठरवून शंभरवर येतात आणि तुम्हाला कुठलीही चूक दिसत नाही. टोक कापून नवं कनेक्टर बसवलं आणि केबलवरचा वेग ९४ वरून १९६ झाला.

तपासायची सोपी रीत सांगतो. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या (म्हणजे वायरवरच्या जोडणीच्या) तपशिलात लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर हाताशी ठेवलेली चांगली केबल लावून पाहा, दोष केबलचा की पोर्टचा ते लगेच कळतं.

केबल विकत घेताना:

- कॅट ६ घ्या, आतली तार शुद्ध तांब्याची आहे का हे स्पष्ट विचारा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर सिग्नल खाते. बिलावर ‘कॉपर’ लिहून घ्या.
- विजेच्या वायरींच्या पाइपमधून लॅन केबल ओढू नका. जुन्या टेलिफोन पॉइंटचा कन्सील पाइप मोकळा असेल तर तो वापरा, नाहीतर केसिंग पट्टी.
- इलेक्ट्रिशियनने टोकं बसवली की त्याच्यासमोरच लिंक स्पीड पाहा, मगच पैसे द्या.

५. मेश घ्यायचं का?

मेश म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन पेट्या. एवढं करूनही एखादी खोली कोरडी राहिली तरच घ्या. प्लगमध्ये खोचायचे, वायफाय ऐकून पुढे पाठवणारे स्वस्त रिपीटर टाळा. तेच रेडिओ ऐकतात आणि तेच पुढे बोलतात, त्यात निम्मा वेग जातो. मेश घेतलं तर दुसरी पेटी वायरने जोडता येते का ते आधी पाहा. आम्ही जुना राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर (वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय देणारा) टाकून बेडरूममध्ये वायरने जोडला, तेच काम झालं. राउटरमागे दुसरा राउटर तसाच, मोड न बदलता लावू नका. घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि एका खोलीतून नॅस दिसतं, दुसऱ्या खोलीतून दिसत नाही.

नवा राउटर घ्यायचाच असेल तर वायफाय ६, सगळे पोर्ट गिगाबिट, एवढं आजच्या दोन-तीन बेडरूमच्या घराला भरपूर आहे. वायफाय ७ चा फायदा तुमचे फोन-लॅपटॉप तेवढे नवे असतील तरच.

६. बॅकअप किती लागेल ते मोजा

गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली, तेव्हापासून ‘जागा भरली’ हा संदेश घरोघरी येतो. प्रत्येकाच्या फोनमधला फोटो-व्हिडिओंचा आकार, लॅपटॉपवरची कागदपत्रं, जुन्या डिस्क, सगळं कागदावर मांडा. बेरजेची अडीचपट करा, तेवढी जागा पाच वर्षं पुरते असा माझा अंदाज. आमचे ९०० जीबी भरले, म्हणून ४ टीबीची डिस्क घेतली. कंप्युटरवर ती ३.६ दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

वायरीचं महत्त्व इथे आकड्यात दिसतं. ४०० जीबी फोटो गिगाबिट वायरवरून, सेकंदाला ११० मेगाबाइट धरले तर तासाभरात जातात. त्या ९४ वाल्या केबलवर साडेनऊ तास लागतात.

७. नॅसची पेटी निवडणं

तीन वाटा आहेत.

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं सगळ्यात स्वस्त. सवय लावायला ठीक, पण वेग कमी आणि डिस्क बिघडते आहे का याची सूचना मिळेलच असं नाही. दुसरी वाट जुना डेस्कटॉप आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे मोफत सॉफ्टवेअर. तुम्हाला लिनक्सची आवड असेल तर मजा येते. फक्त विजेचं गणित करा: ६० वॅटचा डेस्कटॉप महिन्याला सुमारे ४३ युनिट खातो, २० वॅटची नॅस पेटी १४-१५ युनिट.

तिसरी वाट म्हणजे तयार पेटी. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असस्टोर, टेरामास्टर ही त्यातली ओळखीची नावं. घरात संगणकाची आवड असलेला एकच माणूस असेल, आणि तो परगावी गेल्यावर बाकीच्यांचं काम अडू नये असं वाटत असेल, तर मी हीच वाट सांगेन. पाहायच्या गोष्टी अशा:

- दोन डिस्कची जागा. एकाच डिस्कच्या पेटीवर पैसे घालवू नका.
- स्नॅपशॉटची सोय. काल फाइल कशी होती ती अवस्था गोठवून ठेवणारी ही सोय आहे. चुकून पुसलेलं ती परत देते. माझ्या मते हा गुण प्रोसेसरपेक्षा महत्त्वाचा.
- किमान २ जीबी रॅम. चेहऱ्यांवरून फोटो शोधायचे असतील तर ४ किंवा जास्त.
- कंपनीच्या यादीत तुम्ही घेणार ती डिस्क चालते असं लिहिलेलं असणं. पेटी घेण्याआधी यादी पाहा, नंतर नाही.
- भारतातली वॉरंटी. जीएसटी बिलावर सीरियल नंबर छापून घ्या आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते परत करायची मुदत संपायच्या आत पाहा.

८. डिस्क

सीएमआर जातीचीच डिस्क घ्या. तिच्यात माहितीच्या रेषा शेजारी-शेजारी, सुट्या असतात. दुसरी जात एसएमआर. तिच्यात माहितीच्या रेषा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची काढून परत रचावी लागतात, तसंच तिथेही होतं, आणि मोठं लिखाण सुरू झालं की वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. म्हणून फक्त खोक्यावरचं ‘नॅस’ वाचून थांबू नका. मॉडेल नंबरवरून तपशीलपत्रक उघडा आणि त्यात सीएमआर लिहिलेलं पाहा.

दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खेपेतल्या असतील तर एकीतला दोष दुसरीत असण्याचा संभव जास्त.

दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिण्याच्या रचनेला रेड १ म्हणतात. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. पण हा बॅकअप नव्हे, हे मला अगदी जीव तोडून सांगायचं आहे. फोल्डर चुकून पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. पेटी चोरीला गेली, पाण्यात गेली तर दोन्ही डिस्क एकत्र जातात. २६ जुलैचा पाऊस आणि २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना यावर जास्त सांगायला नको. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर: हा जगभर पाळला जाणारा नियम आहे, तो पाळा.

९. वीज

नॅस लिहीत असताना वीज गेली तर फाइल्सची रचना बिघडू शकते. त्यामुळे यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या आणि ती यूएसबी वायर नॅसला जोडा. वीज गेल्यावर काही मिनिटांनी नॅस स्वतः नीट बंद होतं. ही वायर न जोडणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. मग यूपीएसची बॅटरी संपल्यावर पेटी तशीच धाडकन बंद पडते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडला आहे का ते पाहा, दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलताना पडणारी फट मोठी असते.

तुमचं इंटरनेट फायबरऐवजी गच्चीवरून येणाऱ्या लॅन केबलने येत असेल तर पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की ती केबल काढून ठेवा. त्या तांब्यातून येणारा झटका पोर्ट जाळतो. कोकणात, खाडीकाठी राहत असाल तर नॅस खिडकीजवळ नको, खारी दमट हवा कनेक्टर गंजवते.

१०. जोडणी, आणि बाहेरून पाहायची सोय

नॅसला राउटरमधून कायमचा एकच आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून द्या. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करा, अॅडमिन खातं रोजच्या कामाला वापरू नका, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

राउटरचे पोर्ट (इथे केबलची जागा नव्हे, बाहेरून आत यायची सॉफ्टवेअरमधली दारं) उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या जगभर दुरून पुसल्या गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची यंत्रं कुलूपबंद केली. शिवाय आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांमध्ये अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही उपयोग होत नाही. दोन्हींवर उपाय एकच: टेलस्केलसारखं खासगी जाळं. नॅसवर आणि फोनवर ते टाकलं की पुण्याच्या ट्रेनमधूनही घरचे फोटो दिसतात, आणि बाहेरच्या कोणाला दार दिसत नाही.

पहिला बॅकअप रात्री लावा आणि फोन चार्जरवर ठेवा. बाहेरच्या क्लाउडवर प्रत पाठवत असाल तर अपलोडला मर्यादा घाला, लायनीच्या ८० टक्के पुष्कळ. नाहीतर अपलोड लाइन भरून टाकतो आणि घरातल्या सगळ्यांचे कॉल अडखळतात. प्रत कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून पाठवत असाल तर तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कागदावर लिहून बँकेच्या पासबुकांसोबत ठेवा. फक्त नॅसवर ठेवली तर नॅससोबतच जाईल.

११. परत काढून पाहा

‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश रोज येतो, त्यावर विसंबू नका. दर महिन्याला एक जुनं फोल्डर निवडा, ते बॅकअपमधून लॅपटॉपवर परत आणा आणि त्यातले फोटो उघडा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पत्नीच्या फोनमधलं व्हॉट्सअॅपचं फोल्डर बॅकअपमध्ये येतच नव्हतं असं निघालं. सासूबाईंनी पाठवलेले बाळाचे सगळे व्हिडिओ त्यातच होते. फोनच्या अॅपमध्ये एक खूण करायची राहिली होती.

घराबाहेरची प्रत मी बहिणीकडे सांगलीला ठेवतो, तिच्या घरात वरच्या मजल्यावर. एकसारख्या दोन यूएसबी डिस्क आहेत. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. गणपतीला जाताना ताजी भरलेली डिस्क नेतो आणि तिच्याकडची घेऊन येतो, दिवाळीला ती इकडे येते तेव्हा परत अदलाबदल. प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून शेवटची तारीख पेनने लिहितो. गेल्या वेळी तिनेही आपल्या मुलाचे शाळेचे फोटो एका पेनड्राइव्हवर माझ्याकडे दिले, ते आता आमच्या नॅसमध्ये तिच्या नावाच्या फोल्डरात आहेत.